चाळीस शाळा आणि एक ओढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून तुम्ही दीड वर्षापासून साताऱ्यातील एका संस्थेत निसर्गशिक्षणाचे काम करता. वर्षाला चाळीस शाळांत प्रत्येकी एक सत्र आणि एक क्षेत्रभेट घेता. मुले त्या दिवशी हरखून जातात, पण वर्षभराने त्याच शाळेत गेल्यावर मागच्या सत्राचा मागमूसही दिसत नाही. आणि गावातील मोठी माणसे तर ‘तुमचं बरं आहे, गवे आमच्या शिवारात येतात’ एवढे बोलून निघून जातात. आपली पद्धत चुकते आहे का, आणखी एखादी पदवी घ्यावी का आणि या कामावर संसार चालेल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी सांगली जिल्ह्यात, आधी कृष्णाकाठी आणि नंतर जत-आटपाडीच्या माळावर, चोवीस वर्षे हेच काम करत आलो आहे. पहिल्या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबणार आहे, कारण उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे बरीचशी त्यातूनच निघतात.

तुमच्या ज्ञानात किंवा सांगण्यात दोष आहे असे मला वाटत नाही. दोष चाळीस या आकड्यात आहे. सत्र आणि क्षेत्रभेट मिळून तुमच्या वर्षाला ऐंशी फेऱ्या होतात. त्याच फेऱ्या सात शाळांना वाटल्या, तर मे महिना सोडून दरमहा एक याप्रमाणे प्रत्येक शाळेच्या वाट्याला अकरा येतात आणि तरीही तीन फेऱ्या ग्रामपंचायत आणि वनविभाग यांच्यासाठी शिल्लक राहतात. अकरा वेळा एकाच ओढ्यावर गेलेल्या मुलांना जे समजते, ते अकरा वेगवेगळी ठिकाणे एकेकदा पाहिलेल्या मुलांना समजत नाही, कारण एका दिवशी ओढा दिसतो, त्याचे बदलणे दिसत नाही. जूनमध्ये कोरड्या पात्रात पहिले पाणी कोणत्या दिवशी वाहिले, बेडकांचा आवाज कधी सुरू झाला आणि कधी थांबला, पाण्यावर फिरणारे चतुर कोणत्या महिन्यात वाढले, शेवटचे डबके कोणत्या उंबराखाली उरले, या गोष्टी मुलांनी स्वतः लिहून ठेवल्या की दुसऱ्या वर्षी तुम्हाला काही विचारावे लागत नाही. ‘मागच्या खेपेस पाणी दिवाळीपर्यंत होतं, औंदा दसऱ्यालाच आटलं’ असे मुलेच तुम्हाला सांगतात आणि का आटले हेही तीच विचारू लागतात. वर एखादी नवी बोअर झाली आहे का, बांध फुटला आहे का, पाऊसच कमी झाला का, हा शोध म्हणजेच पर्यावरण शिक्षण. त्याला चित्रफितीची गरज पडत नाही.

कास पठार तुमच्या हाताशी आहे, म्हणून त्याचेच उदाहरण घेतो. सप्टेंबरात मुलांना तेथे नेले की तेरडा, गेंद आणि सीतेच्या आसवांचे गालिचे पाहून ती खूश होतात आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र त्याच मुलांना एकदा एप्रिलमध्ये न्यावे. तेव्हा तेथे काळा जांभा आणि वाळलेले गवत यांखेरीज फारसे काही नसते आणि ‘ती फुलं गेली कुठं?’ हा प्रश्न हमखास येतो. मग बोटभर मातीच्या थरात बी किंवा कंद होऊन दडून बसणे म्हणजे काय, पावसात पाणी साचणाऱ्या निकस मातीत नत्र कमी असल्यामुळे सीतेच्या आसवांसारखी वनस्पती सूक्ष्म जीव का पकडते, हे सांगायला तुम्हाला जागा मिळते. टोपली कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. आपल्या प्रकल्पाची मुदत बहुधा तीन वर्षांची असते, ही गोष्ट मला त्या झुडपापुढे उभे राहिल्यावर नेहमी आठवते.

कासनेच मला दुसरीही एक गोष्ट शिकवली. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर या पठाराचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, पर्यटकांची रीघ लागली आणि फुलांच्या रक्षणासाठी कुंपण आले. गुरांची चराई थांबली. त्या काळात आम्ही सर्वांनी मुलांना ‘गुरे फुले तुडवतात’ असेच सांगितले, मीही सांगितले. काही वर्षांनी उंच गवत माजून बुटक्या फुलझाडांचा उजेड अडतो आहे, फुले कमी होत आहेत, असे गावकरी आणि काही अभ्यासक म्हणू लागले. पुढे ते कुंपण काढण्यात आले. चराई किती असावी आणि कोणत्या महिन्यात असावी यावर अजूनही मतभेद असू शकतात, पण त्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या गुरे घेऊन जाणाऱ्या माणसाला आम्ही आधी काही विचारलेच नव्हते, हे मात्र खरे. फलकावर एका ओळीत मावेल असा संदेश हाती आला की मी आता सावध होतो.

माझी याहून मोठी चूक माळरानावरची आहे. जत भागातील एका शाळेजवळच्या उजाड दिसणाऱ्या माळावर आम्ही मुलांकडून तीनशे खड्डे खणून घेतले आणि गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या परक्या झाडाची रोपे लावली. वर्तमानपत्रात छायाचित्रही आले. संध्याकाळी एक वयस्कर मेंढपाळ खड्ड्यांच्या रांगा पाहत उभे होते. ते म्हणाले, “गुरुजी, झाडं लावताय ते बरंच हाय, पर कुसळाचं रान मोडलं तर मेंढरानं खायाचं काय?” मी त्यांना झाडांचे महत्त्व समजावून सांगितले. आज त्याची लाज वाटते. जो माळ मला उजाड दिसत होता, तो पवन्या, डोंगरी, मारवेल आणि कुसळी या गवतांचा माळ होता. लांडगा, खोकड, चंडोल आणि माडग्याळ जातीची मेंढरे त्याच गवतावर या ना त्या प्रकारे जगतात. माळ ही बिघडलेली जंगले नव्हेत, ती स्वतंत्र परिसंस्था आहे, हे मी वाचले नंतर आणि ऐकले आधी होते, पण ऐकून घेतले नव्हते. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत काम करायचे असेल तर वृक्षारोपणाच्या आधी गवत ओळखायला शिका. ऑगस्टमध्ये एखाद्या मेंढपाळाबरोबर चार दिवस चालण्याइतकी चांगली शिकवणी नाही आणि त्या दिवसांचे मानधन त्याला द्या; तो त्या दिवसांपुरता तुमचा शिक्षक असतो.

आता गावातील मोठ्या माणसांविषयी. ‘गवे आमच्या शिवारात येतात’ हे वाक्य तुम्ही अडथळा म्हणून सांगितले आहे. मला ते तुमच्या अभ्यासक्रमाचे पहिले प्रकरण वाटते. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये जाहीर झाला. त्यातील कोयना अभयारण्य १९८५ चे आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान २००४ चे आहे. या पट्ट्यातील अनेक कुटुंबे आधी धरणासाठी आणि नंतर जंगलासाठी उठलेली आहेत. अशा घरासमोर उभे राहून ‘वाघ वाचवा’ म्हणणाऱ्या माणसाकडे ती कोणत्या नजरेने पाहत असतील, याचा विचार करा. शिराळा तालुक्यातील अशा एका गावात मी पहिले काम म्हणून पीक-नुकसानभरपाईचा अर्ज शिकून घेतला. नुकसान दिसताच अर्ज कोणाकडे द्यायचा, पंचनाम्याला कोण येते, सातबारा आणि छायाचित्रे कशी जोडायची, हे दहा-बारा कुटुंबांबरोबर बसून केल्यावर गवा कोणत्या वाटेने, कोणत्या महिन्यात, कोणत्या पिकावर येतो, याचा नकाशा आपोआप तयार झाला. तो नकाशा मुलांनी काढला आणि वनरक्षकानेही आपल्याकडे उतरवून घेतला.

कृष्णाकाठचा अनुभव थोडा सविस्तर सांगतो, कारण पद्धत म्हणजे काय ते मला तेथे कळले. औदुंबर-भिलवडीपासून सांगलीपर्यंतच्या पात्रात मगरींचा वावर आहे आणि माणसांवर हल्लेही झालेले आहेत. मी एका काठावरच्या गावात ‘मगर आपली मैत्रीण’ असे फलक घेऊन गेलो होतो. धुणे घेऊन निघालेल्या एक मावशी ते वाचून म्हणाल्या, “मैत्रीण हाय तर तुमच्या घरी घिऊन जावा की.” सगळे हसले, मीही हसलो आणि फलक गुंडाळून परत आलो. पुढच्या हिवाळ्यात मी फलकाशिवाय गेलो. सातवी-आठवीच्या मुलांनी शिक्षकांसह घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर आळीपाळीने बसून दोन आठवडे नोंद केली: नदीवर कोण येते, किती वाजता, एकटे की सोबतीने, पाण्यात किती खोल उतरते, आणि उन्हे खात पडलेली मगर कोठे व कोणत्या वेळी दिसते. बायका सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान घोळक्याने येत होत्या, बोलत होत्या, धुणे आपटत होत्या. खरा धोका दुसरीकडे निघाला. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने आणि बऱ्याचदा रात्री मिळते. मोटार पाणी उचलेनाशी झाली की फूटव्हॉल्व्हला, म्हणजे पाण्यातल्या पाइपाच्या टोकाच्या झडपेला, अडकलेले शेवाळ आणि जलपर्णी काढायला एकटा माणूस अंधारात कमरेएवढ्या पाण्यात वाकून उभा राहतो. ही गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात नव्हती. ती एका मुलीच्या वहीत होती, कारण तो माणूस तिचा चुलता होता.

त्यानंतर आमचे सांगणे अगदी साधे झाले: फूटव्हॉल्व्ह उजेडात काढायचा, दोघांनी जायचे, उतरण्यापूर्वी काठीने पाणी हलवून थोडा वेळ थांबायचे. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास मादी काठावरच्या मऊ मातीत किंवा वाळूत खड्डा करून अंडी घालते, साधारण दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात आणि या काळात ती घरट्याजवळ कोणाला येऊ देत नाही. तेव्हा कोणत्या मळीजवळ, म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीजवळ, पाण्यात उतरायचे नाही, हे जुन्या जाणत्यांनी मुलांना डोहांच्या नावांसकट सांगितले. हा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला. मगर कायद्याने संरक्षित आहे हेही आम्ही सांगितले, पण शेवटी सांगितले.

उसातल्या बिबट्याचेही असेच आहे. तोडणीच्या हंगामात कऱ्हाड, वाळवा, शिराळा भागांत फडात पिले सापडतात आणि अर्ध्या तासात तेथे जत्रा भरते. पिलांना हात न लावता, गर्दी हटवून, ती त्याच जागी सुरक्षित ठेवली तर मादी बहुधा रात्री येऊन घेऊन जाते. वनविभाग असे पुनर्मीलन अनेकदा घडवून आणतो. याचे शिक्षण शाळेत देऊन भागत नाही, कारण पिले पहिल्यांदा पाहतात ते तोडणी मजूर, आणि ते बऱ्याचदा दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले असतात. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला संध्याकाळच्या वेळी त्यांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) जायला हवे, मुकादमाशी बोलायला हवे आणि वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये तेथेच साठवून द्यायला हवा. आपले काम झाले की नाही हे मी प्रश्नपत्रिकेवरून ठरवत नाही. गर्दी जमण्याआधी फोन गेला का, एवढेच विचारतो. तुमच्या संस्थेकडे सत्राआधी आणि सत्रानंतर भरून घ्यायची प्रश्नावली असेलच. ती भरा, देणगीदाराला ती लागते. स्वतःसाठी मात्र अशी एखादी खूण शोधून ठेवा.

शाळेच्या बाजूने तुम्हाला आधार आहे, तो वापरा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालापासून पर्यावरणाचा विषय शिक्षणात सक्तीने आला; आपल्याकडे प्राथमिकला परिसर अभ्यास आणि अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा आहे. शिक्षकाला प्रकल्पवह्या पूर्ण करून घ्यायच्याच असतात. तुमची ओढ्याची नोंदवही हीच त्याची प्रकल्पवही झाली, तर तो तुम्हाला दर महिन्याला बोलावतो. तुमचा उपक्रम वेगळा राहिला, तर तो त्याच्यावरचा आणखी एक बोजा ठरतो. केंद्रप्रमुखांना आधी भेटा. मुख्याध्यापकांची बदली होते, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीतील दोन पालक सोबत घ्या. ग्रामपंचायतीच्या कपाटात लोकजैवविविधता नोंदवही असेल, तीही एकदा उघडून पाहा. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली ती प्रत्येक गावाची असायला हवी, पण अनेक ठिकाणी २०१९-२० मध्ये मुदत गाठण्याच्या घाईत ती तयार झाली आणि शेजारच्या गावांच्या वह्यांत त्याच याद्या सापडतात. यात नाउमेद होण्यासारखे काही नाही. ‘ही वनस्पती आपल्या गावात खरोखर आहे का?’ असे विचारत मुलांना त्या यादीसह शिवारात पाठवण्यासारखा दुसरा स्वाध्याय मला अजून सुचलेला नाही.

मोठ्या माणसांना सभेत काही सांगायचे असेल, तर बाहेरची उदाहरणे शोधू नका. येरळा नदीवर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी वाळूच्या बेसुमार उपशाविरुद्ध उभे राहून, मर्यादित वाळूविक्रीतूनच पैसा उभारून बळीराजा धरण बांधले. सागरेश्वरच्या बोडक्या डोंगरांवर धों. म. मोहिते यांच्या चिकाटीतून जंगल उभे राहिले आणि १९८५ मध्ये त्याचे अभयारण्य झाले. तेथे आज गिरिपुष्पासारखी परकी झाडे कितपत असावीत, असाही प्रश्न निघतो. तो टाळू नका. आपल्याच माणसांनी केलेल्या कामाची चिकित्सा आपल्याच सभेत होऊ शकते, हे ऐकणाऱ्यांना आवडते, असा माझा अनुभव आहे. सांगलीत पुराविषयी बोलताना तर कोणाला काही पटवून द्यावे लागत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे येथे पोराटोरांना पाठ आहे, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले हे त्यांनी पाहिले आहे. त्यांना एवढेच विचारा की कोयनेच्या खोऱ्यात पडलेला पाऊस आपल्या पुलाखाली कधी पोचतो आणि वाटेत त्याला काय काय येऊन मिळते.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, पण यात तडजोड नाही. पालकांचे लेखी संमतीपत्र, वनक्षेत्रात जायचे तर वनक्षेत्रपालांची लेखी परवानगी, दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस. आग्यामोहोळ असलेल्या कड्याखाली धूर नको, दंगा नको, अत्तरही नको. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या दंशावर लस असलेला सर्वांत जवळचा दवाखाना कोणता, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारून घ्या. केवळ १०८ क्रमांक माहीत असून पुरत नाही, कारण अर्ध्या घाटात मोबाइलला रेंज नसते. मुसळधार पावसात धबधब्याची सहल रद्द केल्यावर पालक आणि शिक्षक नाराज होतात. होऊ द्या.

पदवीचे म्हणाल, तर शाळेत नोकरीची इच्छा असल्यास बी.एड. करा. पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था आहे. संशोधनाकडे वळायचे असेल तर तेथे चौकशी करावी. मात्र गावात काम करायचे तर सध्या तुम्हाला पदवीची उणीव नाही. गवते, बेडूक आणि कीटक ओळखणे, साधा नकाशा काढणे, ग्रामसभेचा ठराव लिहिणे आणि चांगले मराठी लिहिणे या गोष्टी दोन वर्षांत शिकण्यासारख्या आहेत. शेवटची गोष्ट सर्वांत कठीण. शास्त्रीय नावाशेजारी त्या गावात त्या झाडाला काय म्हणतात ते लिहिण्याची सवय लावून घ्या. दहा मैलांवर ते नाव बदलते.

संसार चालण्याविषयी मी गोड बोलणार नाही. पहिली सहा वर्षे माझे घर पत्नीच्या पगारावर आणि थोड्याशा द्राक्षबागेवर चालले. संस्थांचा निधी वर्षावर्षाने येतो, कंपन्यांच्या सामाजिक निधीला ‘किती मुलांपर्यंत पोचलात’ हा आकडा हवा असतो, आणि चाळीस शाळांचे मूळ बहुधा तेथेच असते. एका संस्थेने माझा करार मार्च अखेरीस संपवला तेव्हा सात शाळांच्या नोंदवह्या अर्धवट राहिल्या होत्या. त्या मी पुढे वर्षभर पदरमोड करून पूर्ण केल्या. हे कोणी करावे असे मी म्हणणार नाही. म्हणून तुमच्या वरिष्ठांशी बोलताना चाळीसचे एकदम सात करू नका. पंचवीस शाळांना पूर्वीसारखे एक सत्र ठेवा, चार शाळांना वर्षभराचे काम द्या आणि दोन वर्षांनी दोन्हींकडच्या वह्या देणगीदारापुढे शेजारी शेजारी ठेवा. बरोबरीने उत्पन्नाची दुसरी वाट हवीच: शिक्षक प्रशिक्षणाचे मानधन, ग्रामपंचायतींच्या नोंदवह्यांचे काम, अभ्यास सहलींचे मार्गदर्शन. कासच्या गावकऱ्यांना समितीमार्फत प्रवेशशुल्कातून आणि मार्गदर्शनातून रोजगार मिळतो. तुमच्या गावातील दोन तरुणांना असे मानधन तुमच्या कार्यक्रमातून मिळाले, तर तुमचा करार संपला तरी काम तेथे थांबत नाही.

शाळा जूनच्या मध्याला उघडतील. त्याआधी, मे महिन्यात, निवडलेल्या चारपैकी एका गावी मुक्कामाला जा. ओढ्याचा शाळेपासून चालत पंधरा मिनिटांच्या आतला एक किलोमीटर ठरवा, कारण लांबचा असेल तर पावसाळ्यात शिक्षक नेणार नाहीत. गावातील कोणा जाणत्या माणसाबरोबर तो सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा चाला. डबकी कोठे उरली आहेत, विहिरींना पाणी किती हातांवर आहे, काठावरचे उंबर, करंज आणि जांभूळ किती आहेत, एवढेच लिहून ठेवा. पहिल्या पावसानंतर मुले जी पहिली नोंद करतील, तिच्या अलीकडचे पान कोरे राहता कामा नये.